मागून अकरा सेंटीमीटर

सासरे दोन महिन्यांत गाडीबद्दल दोनच वाक्यं बोलले. पहिलं मुलीला म्हणाले, "महिनाअखेरीला भंगारवाल्याला बोलाव आणि घेऊन जा म्हणावं." दुसरं कुणालाच उद्देशून नव्हतं. खिडकीतून खाली बघत ते म्हणाले, "मागून अशी वर उचललेली बघवत नाही मला," आणि खुर्ची फिरवून खिडकीकडे पाठ करून बसले. हे दुसरं वाक्य मुलीच्या कानावर पडलं असतं तर ती वडिलांजवळ जाऊन बसली असती. पण घरात नेमके जावई होते. ते वाक्य ऐकून जावई मोजपट्टी शोधायला गेले, आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

या जावयांना सगळी इमारत 'लॅबवाले' म्हणायची. शाळेच्या प्रयोगशाळेत ते सहायक होते. प्रयोगाची मांडणी त्यांनी करायची, प्रयोग शिक्षकांनी करायचा आणि काचा त्यांनी गोळा करायच्या, अशी तिथली कामाची वाटणी. प्रयोग जमला की शिक्षकांची वाहवा, फसला की "नळी नीट धुतली होती ना?" हा प्रश्न यांना. अशी सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाच्या पोटात किती प्रयोग तुंबले असतील याचा कुणी विचार केला नव्हता. बायकोने तर नाहीच, कारण घरातला मिक्सर त्यांनी एकदा उघडला होता आणि तो अजून उघडाच होता.

गाडी म्हणजे सासऱ्यांची पिकअप. पुढे गोल नाकाचं केबिन, मागे उघडा हौदा, वय बायकोपेक्षा चार वर्षांनी जास्त. सासऱ्यांनी तिच्यातून चाळीस वर्षं बर्फ पोचवला. पहाटे कारखान्यातून लाद्या भरायच्या, वर भुसा आणि गोणपाट टाकायचं आणि दिवसभर दुकानं, खाणावळी, मासळीबाजार करत फिरायचं. मग सगळ्यांनी मोठाले फ्रीज घेतले, कारखाना बंद पडला, आणि सासरे एक ट्रंक आणि ती गाडी घेऊन मुलीकडे राहायला आले. आले ते गप्पच झाले. डॉक्टरांनी तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं, त्यामुळे बायकोची काळजी दुप्पट झाली. तिचं म्हणणं स्पष्ट होतं. गाडी भंगारात गेली की बाबा त्या खुर्चीतून पुन्हा उठणार नाहीत, आणि महिना संपायला तेवीस दिवस उरले होते.

लॅबवाल्यांनाही सासऱ्यांबद्दल माया होती. पण एकोणीस वर्षांत दोघांत 'या', 'बसा' आणि 'बरं आहे ना' यापलीकडे बोलणं झालं नव्हतं. सासरे त्यांना जावईबापू म्हणत आणि अहो-जाहो करत, आणि त्या अहो-जाहोच्या भिंतीवरून डोकवायची काही सोय नव्हती. आता प्रथमच त्या माणसाने एक तक्रार केली होती, आणि तीही मोजता येण्याजोगी. लॅबवाल्यांच्या अंगात वीज संचारली.

अंगणात उतरून त्यांनी पुढच्या बंपरची जमिनीपासूनची उंची घेतली, मग मागच्या बंपरची. तीन वेळा घेतली आणि सरासरी काढली. गाडी मागून अकरा सेंटीमीटर वर होती. शाळेतून आणलेली स्पिरिट लेव्हल हौद्याच्या काठावर ठेवली तर तिच्यातला बुडबुडा जो मागे पळाला तो नळीच्या टोकाला जाऊन चिकटला. म्हणजे म्हाताऱ्याची नजर शाबूत होती, तक्रार खरी होती, आणि उपायही उघड होता. गाडी मागून अकरा सेंटीमीटर खाली आणायची. त्यांनी नवी वही काढली, पहिल्या पानावर 'उद्देश' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

अंगणात माणूस वाकून काहीतरी मोजतोय म्हटल्यावर बाकीचे लोक घरात कसे बसतील? तळमजल्यावरचा शिंपी कात्री हातात घेऊनच आला. सगळं ऐकून म्हणाला की सोपं आहे, जिथे लांब वाटतंय तिथे आखूड करायचं, तो दिवसाला दहा पँटी करतो. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर आले ते सल्ला देण्याआधी जरा टेकावं म्हणून हौद्याच्या फाळक्यावर चढून बसले. त्यांच्या मते गोष्ट रीतसर केली पाहिजे. गाडीचा आकार बदलायचा तर वाहन कार्यालयाची परवानगी लागते, आणि परवानगीशिवाय केलेलं काम हे काम नसून गुन्हा असतो. हे त्यांनी ज्या आवाजात सांगितलं त्या आवाजात त्यांनी चौतीस वर्षं लोकांची पार्सलं परत केली होती.

लॅबवाले शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढून वाहन कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनाने एक फॉर्म दिला. फॉर्मात नऊ नंबरचा रकाना होता, 'उंचीतील वाढ'. लॅबवाल्यांनी तिथे 'उणे अकरा' असं लिहिलं. कारकुनाने चष्मा वर करून वाचलं आणि विचारलं की हे काय. लॅबवाल्यांनी समजावलं की उंची कमी करायची आहे, म्हणजे वाढ ऋण आहे, बीजगणितात असं चालतं. कारकून सज्जन होता. तो म्हणाला की बीजगणितात चालत असेल, पण आमच्या रजिस्टरात उणे बसत नाही, रकाना वाढीचा आहे. मग कमी करण्याचा फॉर्म द्या, असं लॅबवाले म्हणाले. तसा फॉर्म नव्हता, कारण आजवर कुणी मागितला नव्हता, आणि कुणी मागितला नाही म्हणून छापला नव्हता. तासाभराने कारकुनाला दया आली. त्याने ते 'उणे' तेवढं हलक्या हाताने खोडलं, शिक्का मारला आणि गाडी मागून अकरा सेंटीमीटर उंच करण्याची लेखी परवानगी लॅबवाल्यांच्या हातात ठेवली. लॅबवाले भांडले नाहीत. सरकारी शिक्का असलेल्या कागदाची घडी घालताना भांडायचं नसतं, एवढं त्यांना कळत होतं.

पहिला प्रयोग त्याच संध्याकाळी झाला आणि तो हेतुपुरस्सर नव्हता. गाडीखाली शिरायचं म्हणून त्यांनी आधी हौदा रिकामा केला. जुनं गोणपाट, लाकडी फळ्या, बर्फ उचलायचे दोन आकडे, एक जादा चाक, असं बरंच निघालं. सगळं भिंतीशी रचून त्यांनी सहज पुन्हा मोजलं तर फरक साडेबारा. अकराचा रोग उपचाराआधीच साडेबारावर गेला होता. एखादा घाबरला असता. लॅबवाल्यांनी आनंदाने वही उघडून लिहिलं. वजन काढलं की गाडी वर जाते. किती वजनाला किती?

इथून पुढचे चार दिवस ते मूळ उद्देशापासून जरा भरकटले, हे कबूल केलं पाहिजे. शिंपी फाळक्यावर बसला की गाडी तीन मिलिमीटर खाली यायची. पोस्टमास्तर बसले की सात. दोघे एकत्र बसले की दहा यायला हवे होते, पण अकरा यायचे, आणि तो एक मिलिमीटर कुठून आला याने लॅबवाल्यांची झोप उडाली. शेवटी शिंपी एकटा बसताना काढून ठेवायचा त्या कोटात कापड दाबायची दोन लोखंडी वजनं सापडली. पोस्टमास्तरांनी एकदा वहीत डोकावून आपल्या नावापुढचा आकडा वाचला आणि शिंप्याच्या नावापुढचाही वाचला. त्यानंतर ते दोन दिवस अंगणात आले नाहीत, जिन्यात भेटले तरी मान वळवून गेले. लॅबवाल्यांनी घरी जाऊन समजूत घातली की आकडा माणसाचा नसून गाडीखालच्या कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा आहे, कमान जुनी झाली की जास्त दबते. तेव्हा कुठे पोस्टमास्तर पुन्हा येऊ लागले, पण बसायचे मात्र पायरीवर.

"अहो, बाबांसाठी चाललंय ना हे?" बायकोने एकदा खिडकीतून विचारलं. "की तुमचं तुमचंच चाललंय?"

लॅबवाल्यांनी प्रश्न ऐकला नाही असं दाखवलं. पण तो लागला त्यांना, कारण उरलेले दिवस आता सतरा होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेच्या ग्रंथालयातून मोटार दुरुस्तीचं एक जुनं पुस्तक आणलं. त्यात लिहिलं होतं की मागची कमान, म्हणजे एकावर एक रचलेले पोलादी पाटे, आणि चाकांना जोडणारा दांडा, म्हणजे ॲक्सल, यांच्यामध्ये लोखंडी गुटका बसवला की गाडी गुटक्याच्या जाडीइतकी खाली बसते. शेजारी आकृती होती. लॅबवाले सतरंजी टाकून गाडीखाली उताणे झोपले, वही पोटावर धरली आणि पेन्सिलीने आपल्या गाडीची आकृती काढली. मग ती पुस्तकातल्या आकृतीशी ताडून बघितली. हुबेहूब जुळली. सव्वीस वर्षांत शिक्षकांची एकही आकृती पुस्तकाशी इतकी जुळली नव्हती.

गुटके करून देणारा माणूस गावाबाहेर पुलाखाली होता. कमानी आणि पाटे यांशिवाय त्याने आयुष्यात कशाला हात लावला नव्हता, म्हणून सगळे त्याला कमानवाला म्हणत. त्याची एक पद्धत होती. तो गिऱ्हाइकाकडे जात नसे आणि गिऱ्हाइकाचं ऐकतही नसे. कागदावर काढून आणा, मी कागदाप्रमाणे देतो, मग कागद जाणे आणि तुम्ही जाणा. लॅबवाल्यांना हा माणूस फार आवडला. त्याने आकृती बघितली, एकदा लॅबवाल्यांकडे बघितलं, काहीतरी विचारावं असं त्याच्या मनात आलेलं दिसलं, पण पद्धत म्हणजे पद्धत. पाच सेंटीमीटर जाडीचे दोन गुटके त्याने घडवून दिले. आधी पाचाचे बसवून बघू आणि मग उरलेल्या सहाचं बघू, असा लॅबवाल्यांचा शास्त्रीय सावधपणा होता.

रविवारी सकाळी काम सुरू झालं. कमान ॲक्सलला आवळून धरणाऱ्या यू-बोल्टच्या नटांवर चाळीस वर्षांच्या बर्फाचं पाणी ठिबकलेलं, ते जागचे हलेनात. शिंप्याने शिलाई मशिनचं तेल आणून घातलं. पोस्टमास्तरांनी पायरीवरून जोर लावण्याची दिशा सांगितली, ती चुकीची होती. एक नट सुटला, दुसरा तुटला, तिसऱ्याने लॅबवाल्यांच्या बोटाचं साल काढलं. मग जॅक लावला तर तो गाडीला उचलण्याऐवजी स्वतःच खाली जाऊ लागला. बघतात तो काय, जॅक सांडपाण्याच्या झाकणावर लावलेला, आणि ते झाकण मधोमध चिरलं होतं. चिरण्याचा आवाज ऐकून इमारतीचे सेक्रेटरी गॅलरीत आले. अंगणातल्या सामायिक मालमत्तेची हानी या विषयावरचं त्यांचं पत्र तासाभरात दाराखालून आत सरकलं. लॅबवाल्यांनी ते वहीत 'निरीक्षणे' या पानात ठेवलं. तिसऱ्या मजल्यावर सासरे खिडकीकडे पाठ करूनच बसून होते.

दुपारी चारला गुटके बसले, जॅक काढला. गाडी एकदा हुंदका दिल्यासारखी हलली आणि स्थिर झाली. शिंपी आणि पोस्टमास्तर दहा पावलं मागे जाऊन उभे राहिले. पोस्टमास्तरांकडे सल्ला नाही म्हटल्यावर लॅबवाल्यांनी मोजपट्टी उचलली. त्यांनी मोजलं. पुन्हा मोजलं. फरक साडेसतरा. गाडी आता पुढे वाकून जमिनीवर हरवलेलं काहीतरी शोधतेय अशी दिसत होती.

"अजून वर गेली का हो?" बायको खिडकीतून म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच लॅबवाल्यांना सोसलं नाही. पोस्टमास्तरांनी तेवढ्यात आठवण करून दिली की निदान कायद्याच्या बाजूने आपण बरोबर आहोत, परवानगी वर नेण्याचीच होती.

त्या संध्याकाळी बातमी ऐकून कमानवाल्याने आयुष्यात पहिल्यांदा पद्धत मोडली आणि स्वतः अंगणात आला. गाडीखाली वाकून त्याने बघितलं, खिशातून ती आकृती काढली आणि उलटी करून लॅबवाल्यांसमोर धरली. पुस्तकातल्या गाडीत कमान ॲक्सलच्या खाली होती. या गाडीत ती ॲक्सलच्या वर होती, त्यामुळे मध्ये घातलेल्या गुटक्याने कमानीसकट अख्खी गाडी वर उचलली. उताणं झोपून, वही पोटावर धरून काढलेल्या आकृतीत वर कुठे आणि खाली कुठे हे लॅबवाल्यांनी लिहिलंच नव्हतं, आणि घरी येऊन ती त्यांनी उलटी धरली होती. आकृतीला नावं द्या, बाण दाखवा, असं सव्वीस वर्षं शेकडो मुलांना सांगणाऱ्या माणसाने एक बाण काढला नव्हता. लॅबवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला वाटलंच होतं," कमानवाला म्हणाला. "पण तुम्ही शाळेतले. म्हटलं बरोबर असेल."

उपाय त्यानेच सुचवला. गुटके काढायचे, कमानी उतरवायच्या, त्यांचा बाक हातोड्याने ठोकून सपाट करायचा. बाक गेला की गाडी खाली आली. या खेपेला कागद नाही, मोजमाप तो घेणार. लॅबवाल्यांनी मान हलवली. काम दोन दिवसांत व्हायचं ते आठवडा चाललं, कारण चिरलेलं झाकण बदलल्याशिवाय अंगणात जॅक लावायचा नाही असा ठराव सेक्रेटरींनी मांडला, आणि ठरावाला अनुमोदन द्यायला पोस्टमास्तरांशिवाय कुणी मिळेना, आणि पोस्टमास्तर तर आरोपीच्या बाजूचे, त्यामुळे ठराव नुसताच लटकला. शेवटी झाकण आलं. कमानी गेल्या, ठोकून आल्या, बसल्या. शनिवारी संध्याकाळी लॅबवाल्यांनी स्पिरिट लेव्हल हौद्याच्या काठावर ठेवली. बुडबुडा जरा घुटमळला आणि दोन रेघांच्या बरोबर मध्ये येऊन थांबला. लॅबवाल्यांनी वहीत 'निष्कर्ष' लिहून खाली दोन रेघा मारल्या. महिना संपायला पाच दिवस होते.

रविवारी सकाळी त्यांनी सासऱ्यांना काही सांगितलं नाही. फक्त चहाचा कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, म्हणजे तो घ्यायला वळावं लागेल. सासरे वळले. कप उचलता उचलता त्यांची नजर खाली गेली आणि कप तसाच राहिला. मग ते उठले. दोन महिन्यांत बाथरूमखेरीज कशासाठी न उठलेला माणूस खुंटीवरची टोपी घेऊन, एक चप्पल मुलीची आणि एक जावयाची घालून, तिन्ही मजले जिना उतरून गेला. मागोमाग लॅबवाले. त्यांच्या मनात वाक्यं तयार होत होती, साधन, कृती, निरीक्षण, अशी ओळीने.

"किती वाजले?" सासरे चालता चालताच विचारत होते. "कोणी भरली? एवढा उशीर करून कसं चालेल?"

फाळक्याशी जाऊन त्यांनी दोन्ही कड्या सराईत हाताने काढल्या. फाळका खाली आला. हौदा रिकामा होता. झाडून लख्ख केलेला. सासऱ्यांनी आत हात घालून फळीवरून फिरवला, ती कोरडी होती. मग वाकून चाकाच्या वर बघितलं.

लॅबवाल्यांनी बोलायला सुरुवात केली. अकरा सेंटीमीटर, साडेबारा, गुटके, बाक, सगळं त्यांनी सांगितलं. मागून वर उचललेली बघवत नाही असं तुम्ही म्हणालात, म्हणून. सासऱ्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग फाळक्यावर बसले आणि हळूच बोलू लागले.

"सकाळी भरली की मागून बसायची ती. लादी उतरत गेली की मागून उठायची. पुढचं नाक खाली जायचं, समोरचा रस्ता जरा जास्त दिसायचा, की समजायचं आता चारच लाद्या राहिल्या. पुरी वर आली की दिवस संपला, घरी चला. दोन महिने झाले, जावईबापू. पाठ फिरवण्याआधी रोज सकाळी उठून खिडकीतून बघायचो, तर दिवस संपलेला."

लॅबवाल्यांच्या वहीत याला रकाना नव्हता. बाबा बाकाबद्दल बोलत नव्हते, हे त्यांना जवळजवळ वीस दिवसांनी कळलं, आणि असं वाटलं की चिरलेल्या झाकणातून आपण खाली गेलो असतो तर बरं झालं असतं.

पण सासरे पुन्हा वाकले होते. त्यांनी पाट्यांना बोट लावलं, खालून वर मोजलं, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"बाक ठोकलास?" ते म्हणाले. "अरे, बाक ठोकलास तू हिचा? आता हिच्यावर काय भरशील, कापूस? चार लाद्या टाकल्या की चाकाला घासेल ही. बाकावर तर ओझं पेलते गाडी. अरे गाढवा, चाळीस वर्षं एक पाटा तुटू दिला नाही मी, आणि तू पेन्सिल घेऊन..."

हे पुढे पंधरा-वीस मिनिटं चाललं. आवाज तिन्ही मजल्यांवर जात होता. सेक्रेटरी गॅलरीत आले आणि पत्र न लिहिता परत आत गेले. शिंपी कात्रीसकट दारात थिजला. खिडकीत बायको उभी होती, तोंडावर पदर धरून, आणि ती हसतेय की रडतेय हे खालून कळत नव्हतं. एकोणीस वर्षांत सासऱ्यांनी लॅबवाल्यांना पहिल्यांदा अरे म्हटलं होतं, आणि वर गाढवही. लॅबवाले मान खाली घालून उभे होते. त्यांना लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर फार बरंही वाटत होतं.

सोमवारी कमानी पुन्हा उतरल्या. या खेपेला पुलाखाली कमानवाल्याच्या समोर स्टूल टाकून सासरे स्वतः बसले. कागद नाही, मोजपट्टी नाही, प्रत्येक पाटा ते हातात घेत, डोळ्याजवळ धरून बाक बघत आणि 'अजून' किंवा 'पुरे' एवढंच म्हणत. कमानवाल्याला असं गिऱ्हाईक आयुष्यात मिळालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तर त्याने ओळखीच्या दोघांना बघायला बोलावलं. लॅबवाले शाळा सुटली की तिकडे जात आणि शेजारी उकिडवे बसून प्रश्न विचारत. 'अजून' कधी आणि 'पुरे' कधी, हे कसं कळतं? सासरे म्हणत की कळतं. कसं पण? मग सासरे पाटा त्यांच्या हातात देत आणि धर म्हणत, आणि लॅबवाले धरून बसत. तिसऱ्या दिवशी एका पाट्याला ते भीत भीत 'पुरे' म्हणाले. सासऱ्यांनी तो घेऊन बघितला आणि काही न बोलता बाजूला ठेवला. ठोकायला दिला नाही.

गाडी पुन्हा उभी राहिली ती मागून वर. कमानवाला हात पुसत म्हणाला, की बाक नवा चढवलाय, एकदा भार घालून दिवसभर फिरवली पाहिजे, नाहीतर पाटे बसणार नाहीत. त्याच्याकडे ट्रकांच्या दुरुस्त झालेल्या कमानींचा ढीग होता. सात गॅरेजांत पोचवायच्या होत्या आणि त्याचा नेहमीचा टेम्पो आला नव्हता. तो जरा अडखळला. एवढ्या वयाच्या माणसाला कसं विचारावं, असं त्याला वाटलं असावं.

"काका, तुमची गाडी रिकामी आहे का?"

"आहे," सासरे म्हणाले.

महिन्याचा शेवटचा दिवस होता तो. सकाळी सातला हौदा भरला. सासरे मागे उभे राहून बघत होते. एकेक कमान चढत गेली तशी गाडी मागून बसत गेली, आणि ती पुरती बसली तेव्हा त्यांनी फाळक्याच्या कड्या लावल्या आणि केबिनमध्ये चढले. लॅबवाल्यांनी शाळेत रजा टाकली होती. ते शेजारी बसले. वही घरी राहिली होती, हे त्यांना तिसऱ्या गॅरेजपाशी आठवलं. सासरे वाटेभर बोलत होते. इथे खाणावळ होती, तिचा मालक लादीवर हात फिरवून वजन सांगायचा. इथल्या वळणावर भुसा उडायचा. लॅबवाले पुढच्या काचेतून रस्त्याकडे बघत होते. पाचव्या गॅरेजनंतर त्यांना खरोखरच समोरचा रस्ता जरा जास्त दिसू लागला. त्यांनी ते सांगितलं. सासरे म्हणाले, "मग! सांगत काय होतो?"

दुपारी भंगारवाला क्रेन घेऊन अंगणात आला. बायकोनेच तीन आठवड्यांपूर्वी त्याला निरोप दिला होता, आणि मधल्या गडबडीत ती ते साफ विसरली होती. अंगण मोकळं होतं, नव्या झाकणावर मांजर बसलं होतं. भंगारवाल्याने हाक मारून गाडी कुठाय असं विचारलं. बायको खिडकीत आली.

"गाडी कामावर गेलीय," ती म्हणाली.

भंगारवाल्याने घड्याळात बघून विचारलं की कधी येईल, थांबू का. ती म्हणाली की थांबू नका. पोस्टमास्तरांनी पायरीवरून त्याला परत जाण्याची रीतसर पद्धत समजावून सांगितली.

संध्याकाळी ऊन उतरायच्या आत गाडी परतली, मागून वर उचललेली, नाक खाली. सासऱ्यांनी ती भिंतीशी लावली, उतरले, एकदा मागे वळून तिच्याकडे बघितलं आणि जिना चढू लागले. प्रत्येक मजल्यावर थांबले. घरात येऊन त्यांनी खुर्ची ओढली. खिडकीकडे तोंड आहे की पाठ, हे बघितलंही नाही, जिथे होती तिथे तीत अंग टाकलं. हात ग्रीसने काळे झाले होते. मुलीने पाणी आणून दिलं ते एका दमात प्यायले आणि पेला तिच्या हातात परत दिला.

"दमलो गं आज," ते म्हणाले.

मुलगी पेला घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ सोडला. लॅबवाले पायांतले बूट काढत दारातच बसले होते. त्यांना तो नळ बराच वेळ ऐकू आला, पण आत जाऊन चौकशी करावी असं त्यांना या खेपेला वाटलं नाही. सासऱ्यांनी डोळे मिटले होते. मिटल्या डोळ्यांनीच ते म्हणाले, "अरे, उद्या कमानवाल्याकडे किती वाजता बोलावलंय, विचारून ठेवलंस ना?"